एलिमिमियन, सॉलोमन

कॅनेडियन फुटबॉल लीगमधील (सीएफएल) लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहून चाली रोखणारा खेळाडू. हा खेळ अमेरिकन फुटबॉलसारखा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा व फेकण्याचा. निव्वळ बचावपटू म्हणून खेळून लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवणारा पहिला खेळाडू (२०१४).

जन्म १९८६ साली नायजेरियात. बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेले. हवाई विद्यापीठाच्या संघातून नाव कमावूनही अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये (एनएफएल) त्याचे बस्तान बसले नाही. २०१० मध्ये तो व्हँकुव्हरच्या बीसी लायन्सकडे आला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी लायन्सने सलग पाच पराभवांनी सुरुवात करूनही विनिपेगला ३४-२३ असे हरवून सीएफएलचे विजेतेपद, ग्रे कप, जिंकले.

कॅनडातील मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, म्हणजे अमेरिकेतल्यापेक्षा मोठे. दहा यार्ड पुढे सरकायला तीनच संधी मिळत असल्याने संघ पासवर, म्हणजे चेंडू पुढे फेकण्यावर, भर देतात, आणि चेंडू खेळात येण्याआधीच तो झेलणाऱ्या रिसीव्हरना धाव घेत पुढे येता येते. मधल्या लाइनबॅकरला एवढी जागा राखायची, क्षणात चाल ओळखायची आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवे करायचे (टॅकल) असते. एलिमिमियनची खरी ताकद या ओळखण्यात आणि त्यापाठोपाठच्या जोरदार धडकेत होती.

२०१४ मध्ये त्याने १४३ टॅकल केले. आधीचा विक्रम कॅल्विन टिगलचा, १९९४ मधील १२९ टॅकलचा होता. वीस वर्षे टिकलेला विक्रम १८ सामन्यांच्या हंगामात चौदाने मागे पडला. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार बहुतेकदा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) किंवा रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणारा) वाट्याला जातो, कारण गुण आणि यार्ड सहज मोजता येतात. रोखलेल्या चाली तशा मोजता येत नाहीत. त्यामुळे या निवडीचे मोल मोठे. त्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट बचावपटूही ठरला.

२०१५ मध्ये टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध फाटला. वेगावर जगणाऱ्या लाइनबॅकरची कारकीर्द अशा दुखापतीने संपूही शकते. एलिमिमियनने मात्र २०१६ मध्ये परतून सर्वोत्कृष्ट बचावपटूचा पुरस्कार पुन्हा पटकावला. मधल्या वर्षी हा पुरस्कार लायन्समधील त्याचा जोडीदार अ‍ॅडम बिगहिलला मिळाला होता. एकाच संघाच्या दोन लाइनबॅकरनी तीन वर्षे हा मान आपल्याकडे ठेवला. २०१७ मध्ये १४४ टॅकल करून एलिमिमियनने स्वतःचाच विक्रम मोडला.

२०१९ चा अखेरचा हंगाम तो सस्कॅचेवान रफरायडर्सकडून खेळला. २०२० मध्ये खेळाडू संघटनेच्या अध्यक्षपदी त्याची निवड झाली. त्याच वर्षी कोविडमुळे लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाला. २०२२ मध्ये करारावरून खेळाडूंनी केलेला अल्पकाळचा संप, १९७४ नंतरचा पहिला, त्याच्याच कार्यकाळातला.