सौरशिडांचा माग: रेडिओ गप्प झाल्यावर उरते ती चमक

१२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने ‘एको-१’ नावाचा प्रचंड फुगा कक्षेत सोडला. धातूचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकचा हा फुगा सुमारे ३० मीटर व्यासाचा होता आणि त्याच्यावर रेडिओ संदेश आपटवून दूर पोहोचवायचे होते. पण जमिनीवरून माग ठेवताना त्याची कक्षा हळूहळू सरकताना दिसली. सूर्यप्रकाशच त्याला ढकलत होता! भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने मांडलेला आणि लेबेडेवने प्रयोगशाळेत मोजलेला प्रकाशाचा दाब आता आकाशात दिसत होता. सूर्यप्रकाशाच्या याच रेट्यावर यान पुढे नेणारे पातळ, चकचकीत पडद्यासारखे शीड म्हणजे सौरशीड. ‘एको’ हे काही शीड नव्हते, तरी सौरशिडांच्या इतिहासाची सुरुवात मी तिथूनच मानतो.

हा दाब अगदी क्षीण असतो. पृथ्वीइतक्या अंतरावर एक चौरस मीटर आरशाला जेमतेम ९ मायक्रोन्यूटन रेटा मिळतो. म्हणून शीड हलके आणि विस्तीर्ण हवे, आणि त्याचा परिणाम कळायला कक्षा दीर्घकाळ मोजत राहावी लागते.

२०१० साली जपानचे ‘इकारोस’ हे सौरशिडाचे यान शुक्राकडे निघाले. त्याला मिळालेला रेटा रेडिओ लहरींवरूनच मोजला गेला. दुर्बिणीची खरी गरज दाखवली ती नासाच्या ‘नॅनोसेल-डी२’ या छोट्या शीड-यानाने. डिसेंबर २०१० मध्ये आज्ञा देऊनही ते त्याला वाहून नेणाऱ्या उपग्रहातून सुटले नाही. सगळ्यांनी आशा सोडली असताना १७ जानेवारी २०११ रोजी ते आपोआप बाहेर पडले आणि तीन दिवसांनी त्याचे १० चौरस मीटरचे शीड उघडले. बॅटरी मात्र थोड्याच दिवसांची होती. ती संपल्यावर यानाचे रेडिओ संदेश थांबले, उरली फक्त त्याची चमक. हौशी निरीक्षकांनी छायाचित्रे टिपावीत म्हणून नासाने स्पर्धाही ठेवली. सप्टेंबरमध्ये ते वातावरणात जळून गेले.

ही चमक बरेच काही सांगते. सपाट शीड सूर्याकडे कोणत्या कोनात आहे, त्यावर तेज ठरते. ते ठरावीक काळाने वाढत-मावळत असेल, तर यान कोलांट्या खात आहे असे समजावे. २०१९ च्या ‘लाइटसेल-२’ या यानाचे शीड ३२ चौरस मीटरचे होते, तर २०२४ च्या नासाच्या ‘एसीएस-३’ यानाचे तब्बल ८०. हे दुसरे शीड ऑगस्टच्या अखेरीस उघडले, तेव्हा यानाचे दिशानियंत्रण बंद होते आणि ते आकाशात कोलांट्या खात होते. जमिनीवरून पाहणाऱ्यांना ते क्षणात झळकताना आणि क्षणात अंधूक होताना दिसत होते.