बॅटरी डिकीत का आणि कशी?

बहुतेक गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली बसवतात, कारण स्टार्टर मोटर जवळ असते. इंजिन फिरवताना स्टार्टर सहज 200 अँपिअर ओढतो आणि केबल जितकी लांब, तितका व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतो. 35 चौरस मिमीच्या 5 मीटर तांब्याच्या केबलमध्ये अर्धा व्होल्ट जातो, 16 चौरस मिमीच्या केबलमध्ये एकाहून जास्त. स्टार्ट मारताना बॅटरी आधीच 10 व्होल्टच्या आसपास उतरलेली असते. त्यात हा एक व्होल्ट चांगलाच नडतो.

तरी काही गाड्यांत ती डिकीत किंवा सीटखाली असते. पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि इंजिनची धग टळते. तापमान 10 अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा ढोबळ हिशेब.

12 व्होल्टचा शॉक कोरड्या हाताला जाणवत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. खरी भीती आगीची. बॅटरीचा अंतर्गत रोध जेमतेम काही मिलिओहम. पॉझिटिव्ह केबल पत्र्याला टेकली तर हजारावर अँपिअर वाहू शकतात. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला, त्यामुळे डिकीतून पुढे येणारी केबल कुठेही घासली तरी शॉर्ट. पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारी कडी) हवाच. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात लावावा. तो इंजिनच्या टोकाला असेल तर मधल्या केबलला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. काही गाड्यांत एअरबॅग उघडताच टर्मिनलमधली छोटी स्फोटक कुपी उडून ही केबल तुटते.

चार्जिंगमध्ये, विशेषतः ओव्हरचार्ज होताना, हायड्रोजन सुटतो. हवेत 4 टक्के झाला की ठिणगी पुरते. बॉनेटखाली तो उडून जातो, बंद डिकीत साचतो. एजीएम बॅटरीही (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली बंद बॅटरी) ओव्हरचार्ज झाली की व्हॉल्व्हमधून वायू सोडते, म्हणून व्हेंटची (वायू बाहेर सोडणारी) नळी गाडीबाहेर काढायचीच.

काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर निगेटिव्ह सुटलेली असल्याने काही होत नाही. जोडलेली असेल तर पाना तिथेच चिकटून लाल होतो.

अर्थिंगची लग (निगेटिव्ह केबलच्या टोकाची धातूची कडी) रंगावर बसवू नये, पत्रा घासून उघडा करावा. मग व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून स्टार्ट मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर जोड पुन्हा उघडून साफ करा.