पोच आणि शब्द: ऑफिसातल्या एकाच ‘हो’चे दोन अर्थ

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रिक पॅनल बनवणारं एखादं मध्यम युनिट डोळ्यांसमोर आणा. सोमवारी सकाळी प्रोजेक्ट सांभाळणारी मुलगी डिझाइनला मेसेज टाकते, ‘जीए ड्रॉइंग गुरुवारी पाठवायचंय, ग्राहक मागे लागलाय.’ (जीए ड्रॉइंग म्हणजे पॅनलची मापं आणि एकूण मांडणी दाखवणारा आराखडा.) तिकडून उत्तर येतं, ‘हा बेन, थई जशे,’ म्हणजे हो ताई, होऊन जाईल. ती ग्राहकाला गुरुवार कळवून मोकळी होते. गुरुवारी ड्रॉइंग नाही. ती चिडते, ‘तुम्ही हो म्हणाला होतात.’ तो म्हणतो, ‘मेसेज मिळाला म्हणून हो म्हटलं. केबल वरून येणार की खालून, हे ग्राहकाने अजून सांगितलंय कुठे?’ दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. त्याने पोच दिली होती, तिने तो शब्द म्हणून धरला.

पोच म्हणजे तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत आलं आणि मला समजलं. शब्द म्हणजे अमुक काम अमुक वेळेपर्यंत मी करून देतो. पोच झालेल्या गोष्टीची असते, शब्द होणाऱ्या गोष्टीचा. टपालातल्या पोचपावतीवर सही केली की पाकीट हातात आलं एवढंच ठरतं. आतली नोटीस मान्य केली, असं त्यातून कुणी काढत नाही. विमानाच्या रेडिओवर तर यासाठी दोन वेगळे शब्दच ठरलेले आहेत. वैमानिक ‘रॉजर’ म्हणाला तर अर्थ एवढाच की तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं. ‘विलको’ म्हणाला तर समजलं आणि त्याप्रमाणे करतो. हो की नाही असं उत्तर हवं असलेल्या प्रश्नाला ‘रॉजर’ म्हणायचं नाही, असा तिथे नियम आहे. ऑफिसात मात्र या दोन्ही जागी आपण एकच ‘हो’ वापरतो.

बडोद्यात हा गोंधळ जरा जास्तच होतो. घरी मराठी, शॉपफ्लोअरवर गुजराती, ईमेल इंग्रजीत, आणि ‘हो’ तिन्हीकडे. ‘थई जशे’ आणि आपलं ‘होऊन जाईल’ यांची घडण सारखीच आहे: दोन्हींत कर्ता नाही. काम आपोआप होणार असल्यासारखं वाक्य. कोण करणार, हे बोलणाऱ्याने सांगितलेलं नसतं आणि ऐकणाऱ्याने विचारलेलं नसतं. ‘बघतो’ हा आणखी एक. त्याचा अर्थ ‘करतो’ पासून ‘नाही जमणार, पण तोंडावर कसं सांगू’ पर्यंत काहीही असू शकतो. ‘चालेल’ ही हरकत नसल्याची खूण आहे, काम अंगावर घेतल्याची नाही.

‘काल’ची गंमत वेगळीच. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत ‘काले’ होऊन गेलेलाही आणि येणाराही. स्पष्ट करायचं तर ‘गई काले’ आणि ‘आवती काले’ म्हणावं लागतं. ‘काले मोकली दईश’ (उद्या पाठवून देईन) हे घाईत, फोनवर, अर्धवट ऐकलं की पुण्याहून नवीन आलेला माणूस ‘काल पाठवलं’ असं समजून मेलबॉक्स चाळत बसतो. आपणही हसायला नको, आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो. म्हणून शब्द देताना वार आणि तारीख, दोन्ही. ‘आज संध्याकाळपर्यंत’ हेही तसंच: पाठवणाऱ्याच्या मनात रात्रीचे ११, घेणाऱ्याच्या मनात ६ ला सुटणारी शिफ्ट.

आता दोन्ही नीट कसे द्यायचे ते पाहू.

पोच लगेच द्यायची आणि छोटी द्यायची. तिच्यात तीन गोष्टी लागतात: काय मिळालं, मी ते कधी पाहणार, आणि तारीख कधी सांगणार. ‘जीए ड्रॉइंगची मागणी मिळाली. दुपारी ३ ला फाइल उघडतो, ५ पर्यंत तारीख कळवतो.’ बस. यात कामाची तारीख मुद्दाम नाही, फक्त तारीख कधी सांगणार त्याची वेळ आहे. शब्द म्हटलाच तर तो तेवढाच, आणि तो पाळणं हातातलं असतं.

बरेच लोक मेसेज वाचून गप्प बसतात. त्यांना आळशी म्हणायची घाई करू नये. त्यातले कित्येक उलट जास्त प्रामाणिक असतात. ‘मिळालं’ लिहिलं तर समोरचा ते ‘करतो’ असं धरेल, ही त्यांची भीती असते, आणि अनुभवाने आलेली असते. पण गप्प राहिल्यावर फोन येतो, मग दुसरा फोन, मग साहेबांना सीसी. पोच आणि शब्द वेगळे आहेत हे एकदा दोन्ही बाजूंना मान्य झालं, की ‘मिळालं’ लिहिताना हात अडखळत नाही.

शब्द मात्र सावकाश द्यावा. त्यात पाच गोष्टी हव्यात: नेमकं काय, कोण करणार, कधीपर्यंत, कुठल्या रूपात, आणि कशावर अवलंबून. वरचंच उदाहरण शब्दात बसवलं तर असं होईल: ‘मी जीए ड्रॉइंग गुरुवारी, १९ तारखेला, संध्याकाळी ५ पर्यंत पीडीएफमध्ये तुम्हाला मेल करतो. केबल वरून की खालून, हे बुधवारी दुपारी १२ पर्यंत कळलं पाहिजे. नाही कळलं तर शुक्रवारी, २० तारखेला, संध्याकाळी ५.’ ही पाचवी गोष्टच बहुतेकांकडून सुटते. केबल खालून येणार असेल तर ग्लँड प्लेट (केबल आत घेण्याची पत्र्याची प्लेट) खाली, वरून येणार असेल तर वर, आणि त्यानुसार आतल्या बसबारची (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) आणि टर्मिनलची मांडणी बदलते. ते न कळता काढलेलं ड्रॉइंग ग्राहक परत पाठवणार, आणि मंजूर ड्रॉइंगशिवाय पत्रा कापायला घेता येत नाही. अट सांगणं म्हणजे पळवाट काढणं, असं काहींना वाटतं. खरं तर अट सांगितल्यामुळेच प्रोजेक्टवालीला सोमवारीच कळतं की ग्राहकाला आधी कोणता प्रश्न विचारायचा. पळवाट तेव्हा होते, जेव्हा अट गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर येते.

‘कोण’ या जागी एकच नाव. ‘मी आणि प्रॉडक्शनवाले मिळून’ असं लिहिलं की कुणीच करत नाही.

तारीख ठरवताना कामाचे तास मोजतो तसे मधले थांबेही मोजावेत: तपासणी, सही, दुसऱ्याच्या टेबलावर पडून राहणं. चार तासांचं ड्रॉइंग चार दिवस घेतं ते या थांब्यांमुळे. आणि नवरात्रात ‘उद्या सकाळी ९ ला पहिलं काम तुमचं’ असा शब्द बडोद्यात कुणी देऊ नये, घेऊही नये. गरब्याहून रात्री उशिरा घरी आलेला माणूस ९ वाजता कसा दिसतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

शब्द मोडायची वेळ येते, तेव्हा चूक बहुधा वेळेची असते. गुरुवार गाठता येणार नाही हे मंगळवारी कळलेलं असतं, पण ‘बघू, कदाचित जमेल’ म्हणत गुरुवार उजाडतो. ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी सांगावं, कारण समोरच्याने तुमच्या तारखेवर पुढच्या दोन तारखा रचलेल्या असतात. सांगताना कारण एका ओळीत, नवीन तारीख एकदाच, आणि मध्ये काय देता येईल ते: ‘पूर्ण ड्रॉइंग सोमवारी १२ वाजता, बाहेरची मापं आणि पायाच्या बोल्टची भोकं उद्याच पाठवतो, म्हणजे साइटवर फाउंडेशनचं काम अडणार नाही.’ लांबलचक माफीपेक्षा हे अर्धं ड्रॉइंग जास्त उपयोगी पडतं. तारीख तिसऱ्यांदा बदलली, तर मात्र पुढे तुमच्या शब्दाला पोचेइतकीच किंमत उरते.

मागणाऱ्याचीही जबाबदारी आहे. ‘होईल ना?’ असं विचारलं तर ‘हो’च येणार, प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी ‘कधीपर्यंत देऊ शकाल, आणि त्यासाठी माझ्याकडून काय हवंय?’ असं विचारावं. ‘थई जशे’ आलंच, तर हसून ‘कोण करशे, ने कई तारीखे?’ (कोण करणार, आणि कोणत्या तारखेला?) एवढं पुरतं. त्यावर ‘गुरुवार, पाकुं’ (पक्कं) आलं की मग ते लिहून पाठवावं: ‘म्हणजे गुरुवारी, १९ तारखेला, संध्याकाळी ५ पर्यंत पीडीएफ, बरोबर?’ याला उलटी पोच म्हणा. तोंडी शब्द इथे कागदावर येतो, आणि ऐकण्यात चूक झाली असेल तर तीही इथेच सापडते.

व्हॉट्सॲपवर दोन करड्या खुणा म्हणजे मेसेज फोनपर्यंत पोचला, निळ्या म्हणजे उघडला. अंगठा त्याच्या एक पायरी वर, पण पोचच. ग्रुपवर ठरवून टाकावं की अंगठ्याला शब्द धरायचं नाही. शब्द वाक्यात आणि तारखेसह लिहायचा. मीटिंगच्या टिपणातही चारच रकाने ठेवा: काम, नाव, तारीख, कशावर अडलंय. चौथा रकाना रिकामा असेल तर वाचून दाखवताना तिथे थांबून विचारा.

सगळ्यात अवघड पडतं ते वरिष्ठांसमोर. साहेब दारातून डोकं घालून म्हणतात, ‘ते टेस्ट रिपोर्ट उद्या हवेत.’ लहानपणापासून मोठ्यांना ‘हो’ म्हणायची सवय; नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो. पण इथे ‘नाही’ म्हणायचीही गरज नाही. पोच आदराने द्यायची, शब्द थोडा पुढे ठेवायचा: ‘मिळालं साहेब. आत्ता हातात उद्याच्या डिस्पॅचचं पॅकिंग लिस्टचं काम आहे. अर्ध्या तासात येऊन सांगतो, दोन्ही उद्या जमतात की एक पुढे ढकलावं लागतंय.’ आणि अर्ध्या तासाने खरोखर जाऊन सांगायचं.