चेन आणि स्प्रॉकेटची निवड

एका शाफ्टची ताकद दुसऱ्या शाफ्टवर न्यायची, स्पीड कमीजास्त करायचा आणि मधे घसरण अजिबात नको, अशा ठिकाणी रोलर चेन लावतात. तिची पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) किती, छोट्या चाकीला (स्प्रॉकेट म्हणजे दात्यांची चाकी) दाते किती, मोठीला किती, शाफ्टमधलं अंतर नि कड्या किती, हे ठरवणं म्हणजे चेन-स्प्रॉकेटची निवड. नाशिककडे हे सातपूर-अंबडच्या कारखान्यात लागतं तसंच लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याच्या खळ्यावर, घोटीच्या भात गिरणीत नि दिंडोरीकडच्या वायनरीतही लागतं, पण बहुतेक वेळा हिशोब होतच नाही, जुना तुकडा दुकानात नेऊन "अशीच द्या" म्हणतात. जुनीच चुकीची असेल तर नवी पण तेवढ्याच दिवसांत जाते.

आजची बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मधे मँचेस्टरला पेटंट केली आणि रचना अजून तीच आहे: बाहेरच्या पट्ट्यांत पिन, आतल्या पट्ट्यांत बुश (पिनवर फिरणारी छोटी नळी), बुशवर फिरणारा रोलर. झीज होते ती पिन आणि बुशच्या मधे, म्हणजे डोळ्याला दिसत नाही तिथे. चेन "ताणली" म्हणतो तेव्हा पट्ट्या ताणलेल्या नसतात, प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजून लांबी वाढलेली असते.

चेनचा नंबर, जसा ०८बी किंवा १०बी, वाचायला सोपा आहे. ०८ म्हणजे इंचाचे १६ भाग केले त्यातले ८, म्हणून पिच १२.७ मिमी, १० म्हणजे १५.८७५, १२ म्हणजे १९.०५, १६ म्हणजे २५.४. बी म्हणजे ब्रिटिश मालिका, ए म्हणजे अमेरिकन. दोघींची पिच सारखी असली तरी रोलरचा व्यास वेगळा, ०८बी चा ८.५१ मिमी आणि ०८ए चा ७.९२, त्यामुळे एकीची चाकी दुसरीला चालते असं समजू नका, बसल्यासारखी वाटते पण दात नीट भरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, छोट्या चाकीचे दाते. निम्म्या चुका इथेच होतात. जागा कमी आहे किंवा स्पीड एकदम उतरवायचाय म्हणून ११ दात्यांची चाकी ठोकून देतात. चेन चाकीवर गोल बसत नाही, बहुकोनासारखी बसते, त्यामुळे शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी चेन पुढेमागे झटके घेत चालते. चेनच्या वेगातला हा फरक ११ दात्यांना साधारण ४ टक्के, १७ ला १.७ नि २५ ला ०.८ टक्के येतो. शिवाय ११ दात्यांवर प्रत्येक सांधा ३२.७ अंशात वाकतो, १७ वर २१ च्या आसपास, आणि चाकी लहान म्हणजे तेवढ्याच टॉर्कला (शाफ्टच्या फिरवण्याच्या जोराला) चेनवरचा ओढा जवळपास दीडपट. म्हणून १७ च्या खाली जायचं नाही, वेग जास्त असेल तर १९-२१ घ्या, आणि दाते विषम ठेवा, कारण कड्या सम असतात, मग प्रत्येक दात सगळ्या कड्यांना भेटतो नि झीज वाटली जाते.

एक उदाहरण धरू, कांद्याच्या ग्रेडिंग मशीनचा कन्व्हेअर. १ एचपी मोटर, १४४० आरपीएम, पुढे स्पीड २० पट उतरवणारा गिअरबॉक्स म्हणजे शाफ्टवर ७२. कन्व्हेअरच्या रोलरला साधारण ३० आरपीएम पाहिजेत. १७ आणि ४१ दात्यांनी २९.९ येतात, उत्तम. टॉर्क निघतो ९९ न्यूटन-मीटर. ०८बी घेतली तर १७ दात्यांच्या चाकीचा पिच सर्कल (चेनच्या पिना ज्यावर फिरतात ते वर्तुळ) ६९ मिमी व्यासाचा, चेनवर ओढा जवळपास २९० किलो. पण खळ्यावर कांदा एकसारखा पडत नाही, पाटी आली की धबकन पडतो, म्हणून १.३ ने गुणा, ३८० किलोच्या आसपास. ०८बी तुटते १८१५ किलोला, म्हणजे फक्त ४.८ पट. मी ७ च्या खाली समाधानी नसतो. १०बी घेतली तर चाकी ८६ मिमीची होते, ओढा झटक्यांसकट ३०३ किलो, चेनची ताकद साधारण २२६० किलो, साडेसात पट. इथे १०बी च घ्यायची, दोनशे रुपये वाचवून सीझनमधे मशीन बंद ठेवायची नाही.

लांबीचा हिशोब पिचमधे करायचा. शाफ्टमधलं अंतर ६०० मिमी म्हणजे ३७.८ पिच (३० ते ५० च्या मधे हवं, ते आहे). त्याची दुप्पट ७५.६, त्यात दात्यांच्या बेरजेचा अर्धा २९, नि दोन्ही चाक्यांच्या दात्यांतल्या फरकामुळे लागणारा थोडा ०.४ मिळवला की १०५ कड्या. विषम! विषम कड्यांना हाफ लिंक (वाकड्या पट्ट्यांची जोडकडी) टाकावी लागते आणि तो चेनचा कच्चा सांधा. त्यापेक्षा १०६ घ्या नि मोटर ८ मिमी मागे सरकवा, बेसला लांब भोकं ठेवली असली की पाच मिनिटांचं काम.

बसवताना दोन्ही चाक्या सरळ पट्टीला लागतात का बघा, सैल बाजू (जिच्यावर ओढा नसतो ती) खाली ठेवा, मधे साधारण १२ मिमी झोल चालेल, जास्त घट्ट केली तर बेअरिंग जातात. जोडकडीवरच्या स्प्रिंग लॉकचं (क्लिपचं) बंद तोंड चालीच्या दिशेला. आणि वरून ग्रीस थापू नका, कांद्याची टरफलं नि माती त्याला चिकटून पिनजवळची घासणी वाढते, ग्रीस आत तर पोचतच नाही. पातळ ऑइल, सैल बाजूच्या आतल्या कडेने, पट्ट्यांच्या फटीत. वायनरीत रोज पाण्याने धुतात नि रसाचा आम्ल भाग लागतो तिथे स्टेनलेसची चेन लावतात, पण ती साध्या चेनपेक्षा कमी ताकदीची, एक साईज वर जावं लागतं हे विसरतात.

बदलायची कधी? चेन ताणून धरून १० पिच मोजा. १०बी ची नवी १५८.७५ मिमी भरते, १६३.५ झाली की ३ टक्के वाढली, काढून टाका. दाते हुकासारखे वाकलेले दिसले तर चाकी पण सोबत बदला, कारण जुन्या चाकीवर नवी चेन टाकलेली मी निफाडकडे एका खळ्यावर बघितलीय, एका कांदा सीझनमधे ती दातांवरून उड्या मारायला लागली होती.