बारीक आहात? तरी कंबर मोजा

'मी कुठे जाडा आहे, मला कशाला शुगर होतेय' असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं, आणि ते खरंच बारीक असतं, हातपाय किडकिडीत, फक्त पोट जरा पुढे आलेलं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला, त्यात ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) सेम, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले डॉक्टर २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्यावर खुश होण्यापेक्षा टेप घ्या. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की डायबेटिसचा धोका धरतात (पोट आत ओढून मोजू नका, सगळे तेच करतात).

आणि हे नुसतं वडापावाचं पाप नाही बरं का. पुण्याजवळच्या गावांमध्ये याज्ञिकांच्या टीमने नवजात बाळं मोजली तर ती सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्यांच्यात कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू, चरबी त्या मानाने शाबूत होती. आता जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम स्नायूंचंच, आणि स्नायू हलत असला की तो इन्सुलिनची फार वाट न बघताही साखर आत घेतो. जेवून शतपावली करा म्हणणाऱ्या आजीचं म्हणूनच बरोबर होतं.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालण्याचा सल्ला देत तीन वर्षं पाहिलं. ज्यांना फक्त नेहमीचा जुजबी सल्ला दिला होता त्यातल्या ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला, आहार-चालण्याचा नीट सल्ला मिळालेल्यांत ३९ टक्के. गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! काटा हलत नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडणाऱ्यांनी हे परत एकदा वाचावं.

चीनमधल्या दाचिंग शहरात तर १९८६ ला असेच पावणेसहाशे लोक घेतले, त्यातल्या बहुतेकांकडून सहा वर्षं आहार-व्यायाम करून घेतला आणि सुरुवातीपासून तीस वर्षं सगळ्यांची माहिती ठेवली. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांचा डायबेटिस साधारण चार वर्षं लांबला, हार्टने जाणारे कमी झाले, आयुष्य सरासरी दीडेक वर्षं वाढलं. दीडच? असं वाटेल, पण डायबेटिसमुळे होणारा डोळ्यांचा त्रासही कमी झाला, आणि मला विचाराल तर म्हातारपणी त्याची किंमत जास्त आहे.

साठीनंतर स्नायू आपोआप झिजतात, तेव्हा नुसत्या वॉकवर भागत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढं आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, आणि ताटात भाताचा डोंगर थोडा कमी करून उसळ, डाळ, दही किंवा अंडं वाढवा. गुडघे किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.