अवकाश-सिम्युलेटर: गणित कुणी करायचं?

शिकण्यासाठीच्या अवकाश-सिम्युलेटरची सुरुवात चित्राविनाच झाली. १९६९ मध्ये जिम स्टोरर या शाळकरी मुलाने पीडीपी-८ संगणकावर फोकल भाषेत चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. उंची, वेग आणि उरलेलं इंधन टेलिटाइपच्या (संगणकाला जोडलेल्या टंकयंत्राच्या) कागदावर छापून यायचं. दर १० सेकंदांनी खेळाडूने इंधनाचा दर टाकायचा: ०, नाहीतर ८ ते २०० पौंड प्रति सेकंद. त्यातल्या एका सूत्रात २ ने भागायचं राहून गेलं होतं. ते २०२४ मध्ये उघड झालं.

२००० साली आलेल्या 'ऑर्बिटर'ने खऱ्या ग्रहांची खरी यामिकी, म्हणजे गतीचं गणित, पडद्यावर आणली. २०११ च्या 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'ने उलट वाट धरली. ग्रहाची त्रिज्या ६०० किमीवर आणली, आणि एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्व मोजलं. शिकवण्यासाठी ही तडजोड मला योग्यच वाटते. एकमेकांना ओढणाऱ्या तीन वस्तूंचं गणित पहिल्या दिवशी कुणालाच नको असतं.

दोन अडचणी मात्र आजही नव्या सिम्युलेटरला हमखास भोवतात. ३२ बिटी दशांश संख्येत सूर्यापासून १५ कोटी किमीवरची जागा मीटरमध्ये साठवली, तर लगतच्या दोन संख्यांत १६,३८४ मीटरचं अंतर पडतं. यान थरथरतं, दोन यानांची जोडणी जमत नाही. म्हणून स्थिती ६४ बिटांत ठेवतात आणि चित्र काढताना यानालाच आरंभबिंदू मानतात. दुसरी अडचण काळाचं एकेक छोटं पाऊल टाकत पुढची जागा काढणाऱ्या ऑयलरच्या सरळसोट पद्धतीची: प्रत्येक फेरीला ऊर्जा वाढत जाते आणि कक्षा आपोआप फुगते. व्हर्ले या पावलांच्याच दुसऱ्या पद्धतीत हे होत नाही. काळ हजारपट पळवायचा असेल, तर पावलं टाकणं सोडून कोणत्या वेळी यान कक्षेत कुठे असेल ते सांगणारं केप्लरचं समीकरण थेट सोडवावं.

एआयकडून मोहीम आखून घेणं चॅटबॉटच्या कितीतरी आधीचं आहे. मे १९९९ मध्ये नासाच्या 'डीप स्पेस १' यानावर 'रिमोट एजंट' या प्रोग्रामने स्वतःच आखणी करून यान चालवलं. मधेच दोन प्रक्रिया एकमेकींची वाट पाहत अडकल्या आणि प्रयोग थांबला. गंमत म्हणजे, याच जातीची चूक १९९७ मध्ये त्याच प्रणालीच्या दुसऱ्या भागात तपासणीत सापडली होती. प्रयोगाची सगळी उद्दिष्टं पुढे पूर्ण झाली.

आजचं भाषिक मॉडेल टप्पे छान सुचवतं, पण आकडेमोडीत बिनदिक्कत थाप मारतं. पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून मंगळाकडे निघायला साधारण ३.६ किमी/से वेगबदल लागतो. विशिष्ट आवेग (इंजिन इंधन किती काटकसरीने वापरतं त्याचं माप) ३२० सेकंद असलेल्या इंजिनाला त्यासाठी सुरुवातीच्या वस्तुमानाच्या सुमारे ६८ टक्के इंधन हवं. मॉडेल ४० टक्केही लिहून मोकळं होऊ शकतं. म्हणून त्याच्याकडून फक्त ज्वलनांचा (इंजिन कधी पेटवायचं त्याचा) क्रम आणि उद्देश घ्यावा. लॅम्बर्टचा प्रश्न, म्हणजे दोन जागा आणि प्रवासाचा वेळ यांवरून कक्षा शोधणं, वेगळ्या सॉल्व्हरने (गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने) सोडवावा, योजना सिम्युलेटरमध्ये शेवटपर्यंत चालवून पाहावी, आणि इंधन अपुरं पडलं तर 'दुसऱ्या ज्वलनात १४० मी/से कमी' असा नेमका निरोप एककासकट मॉडेलला परत द्यावा.