द्राक्षांच्या पथ्यापासून दुधीच्या रसापर्यंत: ‘डिटॉक्स’ आले कुठून?

2010 च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते क्लोरमेक्वॉट क्लोराइडमुळे. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. शेंड्याची वाढ आवरायला ते फवारले जाई. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती आणि मालात त्याहून जास्त अंश सापडला. विषाला नाव असते, मात्रा असते आणि ते प्रयोगशाळेत मोजता येते, हे निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. जॉगिंग ट्रॅकबाहेरच्या रसवाल्याला किंवा ‘सात दिवसांत शरीरशुद्धी’चे पॅकेज विकणाऱ्याला हेच विचारावे: कोणते विष, किती होते, किती उरले? 2009 साली ब्रिटनमधल्या तरुण शास्त्रज्ञांनी पंधरा डिटॉक्स उत्पादनांच्या बाबतीत अशी विचारपूस केली. बहुतेकांकडे पुरावा नव्हता, आणि ‘डिटॉक्स’ म्हणजे काय यावरही दोन कंपन्यांचे एकमत नव्हते.

ही निनावी विषे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये जन्मली. मोठ्या आतड्यात साचलेले अन्न सडते, त्याचे विष रक्तात उतरते आणि माणूस आतूनच नासतो, असा सिद्धान्त शार्ल बुशार यांनी मांडला. 1908 चे नोबेल मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी आंबट दुधाचा पुरस्कार केला तो याच भीतीपोटी. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागले! 1919 मध्ये अमेरिकी डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी साधी शंका काढली. पोट साफ झाल्याबरोबर डोके हलके होते. विष रक्तात भिनलेले असते तर ते उतरायला तास लागले असते. पुढे गुदाशयात नुसता कापूस भरूनही तोच जडपणा आणि तीच डोकेदुखी निर्माण करता आली. त्रास विषाचा नव्हता, आतडे ताणले जाण्याचा होता. वैद्यकाने सिद्धान्त सोडला, बाजाराने तो उचलला.

नाशिककरांना गंमत वाटेल, पण त्या काळातले एक लोकप्रिय पथ्य निव्वळ द्राक्षांचे होते. मेरानसारख्या युरोपीय गावांत लोक हंगामात द्राक्षे खायला जाऊन राहत. 1928 साली दक्षिण आफ्रिकेच्या योहाना ब्रांट यांनी त्यावर कॅन्सर बरा होतो असा दावा केला. त्याला आजतागायत आधार मिळालेला नाही. हिशेब करून पाहा: दोन किलो द्राक्षांत सुमारे 1400 कॅलरी आणि जेमतेम 14 ग्रॅम प्रथिने. साठ किलोच्या माणसाला रोज निदान 50 ग्रॅम तरी लागतात. बाकीची शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढते.

आपल्याकडे हा प्रवाह लुई कून आणि अडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांकडून गांधीजींमार्फत आला. 1946 साली उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. पंचकर्माची परंपरा मात्र निराळी आणि फार जुनी. त्यात आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप आणि शेक), मग वमन (उलटी) किंवा विरेचन (जुलाब), आणि शेवटी पेया-विलेपी या पातळ पेजांपासून नेहमीच्या जेवणापर्यंत चढत जाणारा संसर्जनक्रम, तोही रोग्याची प्रकृती आणि बळ पाहून. बाटलीतल्या हिरव्या रसाला ‘आयुर्वेदिक डिटॉक्स’ म्हणणाऱ्याने यातले काय पाळलेले असते?

वजनाचे गणित सोपे आहे, म्हणून तर ते फसवे. यकृतात आणि स्नायूंत मिळून 400-500 ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असते आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. रसावर राहिले की दोन-तीन दिवसांत हे बरेचसे संपते आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी किती गेली? रोज 1200 कॅलरींची तूट धरली तरी तीन दिवसांत 3600; एक किलो चरबीला 7700 लागतात, म्हणजे अर्धा किलोही नाही. चौथ्या दिवशी भाकरी-भात सुरू झाला की पाणी परततेच. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीला विक्रेते ‘विषे बाहेर पडताहेत’ म्हणतात. बहुतेकदा तो सुटलेला चहा असतो.

विषांचे म्हणाल तर अमोनियाचा युरिया यकृत करते आणि मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. डीडीटीसारखी खरी हट्टी विषे चरबीत मुरतात. झपाट्याने चरबी उतरली की रक्तातले त्यांचे प्रमाण उलट वाढते. पित्तावाटे आतड्यात आलेले थोडेफार बाहेर न्यायला चोथा उपयोगी पडतो, आणि रस गाळताना फेकतात तो नेमका तोच. 2015 मध्ये क्लाइन आणि किआट यांनी उपलब्ध संशोधन चाळले, तेव्हा विक्रीतल्या डिटॉक्स आहारांची माणसांवर केलेली एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी (चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेली तुलना) त्यांना सापडली नाही. भाज्या, डाळी, कडधान्ये चावून खाण्याने वजन हळूहळू उतरते, ही गोष्ट वेगळी.

धोका आहे तो दुधीत. कडू दुधीत कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य असते. रस प्यायल्यावर थोड्याच वेळात पोटात कळा, रक्ताच्या उलट्या आणि रक्तदाब कोसळणे असे होऊ शकते. देशात मृत्यूही झाले आहेत आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने याबाबत सूचना दिल्या आहेत. त्यावर उताऱ्याचे औषध नाही. म्हणून दुधी चिरला की देठाकडचा एक तुकडा जिभेवर ठेवून पाहायचा आणि कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी टाकायचा. शिजवल्यानेही विष जाईल असे धरू नये. आवळा, पुदिना, मध घालून केलेल्या मिश्रणात हा कडूपणा लपतो, त्यामुळे आयता तयार रस घेऊच नये. पालकाचा रस रोज पेलाभर घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेट (मुतखडा करणारा क्षार) साचल्याच्या नोंदी आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने रसावर राहिल्यास साखर धोक्याइतकी उतरू शकते, तर रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन घेणाऱ्याचा डोस हिरव्या पाल्यातल्या के जीवनसत्त्वाने बिघडतो.